वाढ आणि आवर : प्रतिकारव्यवस्थेच्या शोधातील एक प्रकरण



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आम्हांला शास्त्र शिकवीत असत. मी मात्र हयातभर मराठी शिकवले. त्यामुळे माझे व्याख्यान बखरींवर किंवा संतवाङ्मयावर असेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. तरीही आज मी सरांच्या विषयाकडे वळत आहे. हा अधिकाराचा अतिक्रम आहे, याची मला जाणीव आहे. त्याचे कारण प्रथम सांगणे उचित होईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरात एकाच वेळी दोन आजारी माणसे होती. माझ्या पत्नीवर कर्करोगाचे उपचार चालू होते. प्रत्येक आवर्तनानंतर तिच्या रक्तातील पांढऱ्या पेशी इतक्या खाली येत की डॉक्टर त्या वाढविणारे इंजेक्शन देत. आमच्याकडेच राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाला आमवात होता, सांधे आखडून टाकणारा. त्याला तेच डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या देत. भेटीला येणारे आप्तेष्ट दोघांनाही एकच उपदेश करीत, ‘प्रतिकारशक्ती वाढवा.’ कोणी काढा आणी, कोणी चूर्ण. एकदा भावाने गोळ्या सोडून चूर्ण सुरू केले आणि महिन्याभरात त्याला पेला धरवेना. त्या दिवसापासून ‘वाढवा’ या क्रियापदाने माझी झोप उडविली. शब्दांचा अभ्यास हाच ज्याचा व्यवसाय, त्याने एका शब्दापायी आपल्या घरात घडलेला अनर्थ पाहावा आणि स्वस्थ बसावे, हे मला जमले नाही. मग वाचीत गेलो. त्या वाचनाचा हा वृत्तान्त आहे.

आरंभ आपल्याच शिवेवरून करू. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्या वेळी वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा शास्त्रज्ञ सरकारच्या सांगण्यावरून मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्याने प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, बडोद्यापासून काही कोसांवर असलेल्या उंडेरा या गावी या लसीची कसोटी झाली. गावात प्लेग शिरला होता. प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचायची व निम्म्यांना नाही, अशी योजना करण्यात आली, म्हणजे एकाच छपराखाली, एकाच अन्नपाण्यावर राहणाऱ्यांची तुलना व्हावी. टोचलेल्यांतील मृत्यू न टोचलेल्यांच्या मानाने फारच थोडे झाले. सयाजीराव महाराजांच्या राज्यातील हे छोटेसे खेडे अशा रीतीने वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले.

हाफकिनचे गुरू होते इल्या मेच्निकॉफ. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीरात परके काही शिरले की त्याला गिळण्यास धावणाऱ्या पेशी असतात, हा सिद्धान्त यातून निघाला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकॉफ व जर्मनीचे पाउल एर्लिख यांना विभागून मिळाले. एर्लिख यांचा भर पेशींपेक्षा रक्तातील प्रतिद्रव्यांवर होता. त्यांनी एक महत्त्वाचा विचारही मांडला होता. शरीर आपली शस्त्रे आपल्याच घटकांवर चालविण्यास जणू भिते, अशी कल्पना करून त्यांनी त्या भयाला एक लॅटिन नाव दिले. मात्र ते भय शरीरात कोण जागे ठेवतो, या प्रश्नाचे उत्तर पुढे दीर्घ काळ मिळावयाचे नव्हते. प्रतिकाराचे शास्त्र सेना, शत्रू, तटबंदी अशा युद्धाच्या भाषेत वाढले, आणि त्या भाषेत सैन्य वाढविणे हाच एकमेव पुरुषार्थ ठरला.

आता कथेचा दुसरा धागा. तो प्रतिकाराच्या शास्त्रातून आलेला नाही, हे लक्षात ठेवावे.

इटलीतील तुरीन येथे रीटा लेव्ही-मोन्तालचिनी ही तरुण डॉक्टर मज्जातंतूंचा अभ्यास करीत होती. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे ज्यूंना विद्यापीठाची दारे बंद झाली. तेव्हा तिने आपल्या निजायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुया घासून हत्यारे केली आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांवर काम चालू ठेवले. युद्धानंतर, १९४७ मध्ये, व्हिक्टर हाम्बुर्गर यांच्या निमंत्रणावरून ती अमेरिकेत सेंट लुईस येथे गेली. उंदराच्या एका अर्बुदाचा तुकडा कोंबडीच्या गर्भात बसविला असता मज्जातंतू त्याच्याकडे झेपावतात, हे तिने बारकाईने अभ्यासले. अर्बुदातून काहीतरी पाझरत असले पाहिजे, असा तिचा तर्क होता. १९५२ साली रिओ दी जानेरो येथील प्रयोगशाळेत तिने तो सिद्ध केला. काचेच्या तबकडीत अर्बुदाशेजारी ठेवलेल्या मज्जापेशींतून तंतूंचे किरण फुटले. स्टॅन्ली कोहेन या रसायनज्ञाने पुढे ते द्रव्य वेगळे काढण्यास हात घातला. सापाचे विष आणि नर उंदराच्या लाळग्रंथी यांत ते विपुल सापडले. हाच ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ होय. त्याच लाळग्रंथींच्या अर्काने उंदराच्या नवजात पिल्लांचे डोळे सुमारे १४ दिवसांऐवजी ७ दिवसांतच उघडतात, हे पाहून कोहेन यांनी त्वचेवर काम करणारा दुसरा घटक शोधला. दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले. ‘ग्रोथ फॅक्टर’ला मी येथे वृद्धिघटक म्हणेन. एका पेशीने सोडावयाचे आणि दुसऱ्या पेशीने आपल्या पृष्ठभागावरील ग्राहीने झेलावयाचे, असे हे प्रथिन असते. म्हणजे तो एक निरोप असतो.

या नावाने पहिला चकवा १९७७ मध्ये दिला. मज्जातंतूंचा म्हणून ओळखला जाणारा हा वृद्धिघटक उंदराच्या जातीच्या नवजात प्राण्यांना टोचला असता त्यांच्या ऊतींतील मास्ट पेशी वाढतात, असे लुईजी आलोए व लेव्ही-मोन्तालचिनी यांना आढळले. मास्ट पेशी या प्रतिकारव्यवस्थेच्या पेशी होत. खाज, सूज, अंगावर उठणाऱ्या गांधी यांत त्यांचा हात असतो. ज्याचे नाव मज्जातंतूंशी बांधलेले, तो निरोप रक्षकांनाही पोहोचत होता.

दरम्यान प्रतिकाराच्या शास्त्रातही वृद्धिघटकांचा शोध स्वतंत्रपणे चालू होता. १९६० मध्ये फिलाडेल्फियाच्या पीटर नॉवेल यांनी पाहिले की घेवड्याच्या बियांपासून काढलेल्या अर्काने रक्तातील लसीकापेशी विभागू लागतात. तोवर या पेशी म्हणजे आयुष्य संपवीत आणलेल्या पेशी, अशी समजूत होती. १९६५-६६ च्या सुमारास इस्राएलमधील रेहोवोत येथे आणि ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे संशोधकांना अगारच्या थरात अस्थिमज्जेच्या पेशींच्या वसाहती वाढविता आल्या. मात्र काही विशिष्ट द्रव्ये सोबत असली तरच त्या वाढत. त्या द्रव्यांना ‘कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर’ हे नाव पडले. मेलबर्नच्या डोनाल्ड मेटकाफ यांनी जवळजवळ सारे आयुष्य या द्रव्यांना वाहिले. ही द्रव्ये इतकी सूक्ष्म प्रमाणात असत की त्यांपैकी एकेक शुद्ध करण्यात वर्षे गेली. १९८६ मध्ये त्यांपैकी पांढऱ्या पेशींच्या एका जातीस वाढविणाऱ्या घटकाचे मानवी जनुक हाती आले आणि १९९१ मध्ये अमेरिकेत त्याचे औषध मान्य झाले. माझ्या पत्नीच्या दंडात टोचले जात होते ते हेच. अगारच्या तबकडीतील एका ठिपक्यापासून आमच्या घरापर्यंतचा तो प्रवास मला ठाऊक नव्हता. ठाऊक झाला तेव्हा त्या इंजेक्शनच्या छोट्या बाटलीकडे मी निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

१९७६ मध्ये आणखी एक दार उघडले, तेही चुकून. अमेरिकेतील बेथेस्डा येथे रॉबर्ट गॅलो यांचे सहकारी रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी अस्थिमज्जेतील निराळ्याच पेशी वाढवू पाहत होते. वाढल्या त्या टी जातीच्या लसीकापेशी, कारण संवर्धनाच्या द्रवात त्यांचा वृद्धिघटक होता. त्यालाच १९७९ मध्ये इंटरल्युकिन-२ हे नाव मिळाले. टी पेशींना वाढविणारा घटक म्हणजे प्रतिकाराचा प्राणवायूच, असे सर्वांस वाटणे साहजिक होते. १९९२ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर मोठ्या मात्रेत त्याचा वापर मान्यही झाला.

येथवर वृद्धिघटकाने आपले नाव सार्थ केले, असे म्हणता येईल. आता ज्याच्यासाठी मी हा विषय निवडला, त्या घटकाकडे येतो.

१९७८ मध्ये द लार्को व टोडारो या संशोधकांनी विषाणूने बिघडविलेल्या पेशींच्या द्रवात असे द्रव्य पाहिले की ते साध्या पेशींना कर्कपेशींप्रमाणे वाढावयास लावते. रूप पालटविणारा म्हणून त्याला पुढे ‘ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर’ म्हणू लागले. अधिक तपासात ती दोन भिन्न द्रव्ये निघाली. त्यांपैकी बीटा हे द्रव्य अनिता रॉबर्ट्स व मायकेल स्पोर्न यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये मानवी रक्तबिंबिकांतून शुद्ध केले. नाव देऊन झाले आणि मग आश्चर्य पुढे आले. माकडाच्या मूत्रपिंडातील पेशींची वाढ रोखणारे एक द्रव्य काही संशोधकांनी निराळ्या वाटेने शोधले होते. १९८४ मध्ये दिसून आले की त्याचे याच घटकाशी अगदी जवळचे नाते आहे. १९८५ मध्ये रॉबर्ट्स व सहकाऱ्यांनी स्पष्टच लिहिले की हा घटक दुहेरी आहे. पेशी कोणती व सोबत दुसरा कोणता निरोप आहे, यावर तो वाढवितो की थांबवितो, हे अवलंबून असते. १९८६ मध्ये कळले की टी पेशी स्वतःच तो तयार करतात आणि त्याने त्यांची वाढ रोखली जाते. रक्षकच आपल्याला आवरणारा हुकूम आपल्या खिशात बाळगून होते.

वृद्धिघटकाने वाढ रोखावी, हा इंग्रजीत विरोधाभास ठरतो. मराठी माणसाला मात्र तो फारसा खटकू नये. आपण नारळ फोडीत नाही, ‘वाढवितो’. बांगडी फुटली तर ती ‘वाढली’ म्हणतो. संपण्याचे अमंगल टाळण्यासाठी आपल्या पूर्वजांनी ‘वाढ’ या शब्दाच्या पोटात ‘शेवट’ हा अर्थ दडवून ठेवला. शरीरानेही आपल्या एका वृद्धिघटकाच्या पोटात तसेच काही दडविले होते. त्याचे मोल कळण्यास मात्र तो घटक काढून घेऊन पाहावे लागले.

१९९२ मध्ये सिनसिनाटीच्या प्रयोगशाळेने हा घटक निर्माण करणारे जनुक ज्यांच्यात निकामी केले आहे अशा उंदरांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी अशोक कुलकर्णी व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष मांडला. आडनाव वाचून मन सुखावले, हे कबूल करतो. पिल्ले जन्मतः धडधाकट दिसत. सुमारे दोन आठवडे ती वाढत. मग ती खंगू लागत आणि तीन-चार आठवड्यांत मरत. शवविच्छेदनात हृदय, फुप्फुसे, जठर यांत लसीकापेशींची झुंबड दिसे. कोणा परक्या शत्रूने त्यांना मारले नव्हते. आवरणारा निरोप नाहीसा होताच त्यांचे रक्षकच त्यांच्यावर उलटले होते. एर्लिख यांनी कल्पिलेले ते भय ज्यांच्यामुळे टिकते, त्यांपैकी एक घटक अशा रीतीने ओळखू आला.

पण मग पहिले दोन आठवडे पिल्ले निरोगी कशी राहिली? याचे उत्तर १९९४ मध्ये मिळाले. आईच्या शरीरातील तो घटक वारेतून गर्भाला आणि दुधातून पिल्लाला पोहोचत होता. पिल्लाजवळ स्वतःचा काहीच नव्हता, आईने दिलेल्यावर ते जगत होते. दूध बळ देते हे आपण जाणतोच. ते संयमही देते, हे मी प्रथमच वाचले आणि पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसून राहिलो.

इंटरल्युकिन-२ च्या कथेलाही अशीच कलाटणी मिळाली. ते ज्यांच्यात नाही अशा उंदरांचा प्रतिकार दुबळा होईल, ही अपेक्षा होती. १९९३ मध्ये आढळले की त्यांना उलट आतड्याचा तीव्र दाह होतो. प्रतिकार कमी पडण्याऐवजी अनावर झाला होता. १९९५ मध्ये जपानचे शिमोन साकागुची यांनी यावर प्रकाश पाडणारी गोष्ट दाखविली. टी पेशींमध्ये एक छोटा गट असा आहे की तो इतरांना आवरतो, आणि त्या पेशींची ओळख म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावर विपुल असलेला इंटरल्युकिन-२ चाच एक ग्राही. ज्याला आपण सैन्याचा शिधा समजत होतो, त्यावर सैन्याला शिस्त लावणारेही जगत होते. मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये या कोड्याचे जनुक हुडकले. त्याचे नाव फॉक्सपी-३. पुढे ठरले की या आवरणाऱ्या पेशींची घडण त्याच्यावरच अवलंबून आहे. त्यात बिघाड असलेल्या बालकांमध्ये जन्मानंतर लवकरच स्वतःच्याच अवयवांवर हल्ला सुरू होतो. २००३ मध्ये हेही कळले की साध्या टी पेशीत हे जनुक जागे करून तिला आवरणारी बनविण्याचे काम आपला तो दुहेरी वृद्धिघटक करू शकतो. आणि २००६ मध्ये त्याची दुसरी बाजू दिसली. त्याच घटकाला इंटरल्युकिन-६ ची संगत मिळाली, तर त्याच साध्या पेशीतून दाह भडकविणारी पेशी घडते. संगतीचा महिमा आपल्या संतांनी माणसांच्या बाबतीत सांगितला. तो पेशींनाही लागू आहे, एवढेच म्हणतो. साकागुची, ब्रंकाव व रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

मात्रेचेही तसेच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत इंटरल्युकिन-२ अल्प मात्रेत दिले गेले. तेव्हा आवरणाऱ्या पेशी वाढल्या आणि प्रतिकारपेशींचे शरीरावरील हल्ले काही रुग्णांत सौम्य झाले. मोठ्या मात्रेत जे हल्ला चढविते, तेच अल्प मात्रेत हल्ला आवरते. व्याकरणात एका मात्रेने ‘दिन’चा ‘दीन’ होतो, हे आम्ही वर्गात शिकवीत असू.

या इतिहासावरून काही निष्कर्ष काढावयाचा झाल्यास तो असा की प्रतिकार ही कमी-अधिक करावयाची एकच राशी नव्हे. तो असंख्य पेशींचा आपसांतील संवाद आहे आणि वृद्धिघटक ही त्यातील वाक्ये. वाक्याचा अर्थ शब्दावर असतो तितकाच प्रसंगावर व ऐकणाऱ्यावर असतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या घोषणेने बाजार दुमदुमला होता. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखविले की प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने घटतात. ते औषध प्रतिकार वाढवीत नाही, आवरते. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. कोणाला, केव्हा, किती, हेच तीन प्रश्न पुन्हा समोर येतात.

जाता जाता सरांची एक आठवण. एके दिवशी मी वर्गात विचारले होते, ‘सर, बोट कापले की मांस भरून येते. मग ते भरतच का जात नाही? थांबते कसे?’ सरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘मला माहीत नाही. वाढ कशी होते हे सगळे विचारतात. थांबते कशी, हा प्रश्न मोठा आहे. जपून ठेव.’ साठाहून अधिक वर्षे तो मी जपून ठेवला नव्हता, हे येथे नमूद केलेच पाहिजे. माझ्या भावाच्या वाकड्या बोटांनी तो मला परत आणून दिला.

पत्नी आज बरी आहे आणि समोर पहिल्या रांगेत बसली आहे. भावाने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता तो पेला धरतो, परंतु त्या महिन्यात गेलेले सांधे परत आले नाहीत. आमच्या आप्तांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्याजवळ शब्द अपुरा होता. तो पुरा करणे हे शास्त्राचे काम तर आहेच, पण मराठीच्या शिक्षकाचेही आहे, आणि ते मी वेळेवर केले नाही. या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी शास्त्रे लोकांच्या भाषेत यावीत म्हणून ग्रंथमाला चालविल्या, १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. त्या परंपरेच्या अंगणात ही शाळा उभी आहे. येथून बाहेर पडणाऱ्या मुलाने ‘वाढवा’ असे कानी पडताच ‘काय, किती आणि कोणासाठी?’ असे विचारावे, एवढे झाले तरी सरांचे ऋण थोडे फिटेल.